टॉर्चची रिकामी खाच

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर माफ करा.

विमान दुरुस्तीचं लायसन्स नवीनच मिळालं होतं. दुपारी इंजिनाचं काम आटोपलं, तर हत्यारांच्या पेटीत टॉर्चची खाच रिकामी. एकही हत्यार कमी असेल तर विमान उडायला तयार असल्याची सही करायची नाही, हा आमचा नियम. मी विमान थांबवलं. बसलेले प्रवासी उतरवावे लागले.

"अरे, लॉकरमध्ये विसरला असशील!" सिनियर चिडले. लॉकरमध्ये नव्हती. पाळी बदलली, पुढच्या लोकांनी शोध चालू ठेवला.

लालबागला घरी आलो. बाबांनी विचारलं, "नोकरी जाणार का रे?" मी फोन जवळ घेऊन बसलो.

संध्याकाळी सिनियरांचा फोन आला. टॉर्च इंजिनाच्या झाकणाच्या आतच सापडली होती.