कापलेली शेवटची पानं

माझी धाकटी बहीण चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. आमच्यात पाट लागत नसे, विधवेचं दुसरं लग्न होत नसे, त्यामुळे तिचं पुढचं सगळं आयुष्य त्याच दिवशी ठरून गेलं. मी तेव्हा जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. निजामाचं राज्य, म्हणून शाळा उर्दूत झालेली. मराठी वाचायला मिळे ते तिथल्या लहानशा वाचनालयात. तिथली फाटकी पुस्तकं शिवून, खळ लावून पुठ्ठे बसवायचं काम मी हौसेनं करायचो. म्हणून दर शनिवारी एक कादंबरी घरी न्यायची मला मुभा होती. बदनापूरला गाडीतून उतरून चालत गावी पोचेपर्यंत बहीण दारात वाट पाहत असे. माझी नव्हे, पुस्तकाची.

तिला प्रेमाच्याच कादंबऱ्या लागत. दुपारी ज्वारी निवडता निवडता ती पुढ्यात पुस्तक उघडं ठेवी आणि पदरानं डोळे पुशी. एकदा मी विचारलं, "रडायचंच तर वाचतीस कशाला?"

"शेवटी दोघं भेटणार हे ठावं असतंय ना, दादा. म्हणून तर रडायला बरं वाटतं. आपल्या रडण्याला शेवट कुठं हाय?"

हे ऐकूनही मला काही कळलं नाही.

एके दिवशी काकांनी जेवणाच्या पंगतीत मला धरलं. "बहीण तुझी लग्नाच्या गोष्टी वाचून राह्यली! उद्या करूनबी दाखवील. मंग बस पुठ्ठे चिकटवत." सगळे हसले. मीही हसलो. ती वाढत होती.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक घरी नेण्याआधी पातं घेऊन त्याची शेवटची पानं काढून ठेवली. "वाळवीनं खाल्ली," असं तिला सांगितलं आणि सोमवारी जालन्यात ती पुन्हा जागेवर चिकटवली. पाच पुस्तकांचं असं केलं. बाकी सगळ्या वाचकांना शेवट मिळत होता, फक्त तिला नाही. मी तिला जपतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी काकांना भ्यालो होतो.

सहाव्या पुस्तकाच्या कापल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. "वाळवी लई सरळ खातीया, दादा."

मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"बरं, तूच सांग. काय होतंय तिचं?"

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मरते. नदीत जीव देते."

"बराबर," ती म्हणाली. त्यानंतर तिनं कधी पुस्तक मागितलं नाही. मीही आणलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, निजामाचं राज्य जायच्या जरा आधी, ती तापानं अंथरुणाला खिळली. मी तीच सहावी कादंबरी शोधून आणली आणि उशाशी बसून शेवटचं प्रकरण वाचलं. नायिका परतते, लग्न लागतं.

"आता कशाला खोटं वाचतोस?" ती म्हणाली. "ती तर नदीत गेल्ती की."

"न्हाई गं. हे बघ, छापलेलं आहे."

मी पुस्तक त्याच पानावर उघडून तिच्या हातात दिलं. तिनं पानाच्या आतल्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. खळीचा जाड, वाळलेला थर तिथं अजून होता.

"हे तर तू नंतर चिकटवलंयस, दादा," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.