हरले की लेक घरी

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात बास्केटबॉल शिरला तो लेकीच्या ट्रॉम्बोनमुळे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. ती कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायची. सीझन संपला की त्यांच्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे गटातल्या, कॉलेजांची एक टूर्नामेंट असते आणि टीमबरोबर बँडही जातो, हे मला कुणी सांगायचं? नागपूरहून आलेल्या बाबांचं परतीचं तिकीट मी नेमकं तिच्या मार्चच्या सुट्टीत काढून मोकळी झाले. नातीला भेटून निघतील, असा आपला माझा हिशेब.

टूर्नामेंटचा नियम सोपा. हरलं की त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा, जिंकलं की मुक्काम वाढला. "आमची टीम कसली जिंकतेय, आई! शुक्रवारी रात्री मी घरी," लेक म्हणाली होती. शुक्रवारी टीम जिंकली. मेल्यांना वर्षभर जमलं नाही ते आत्ताच जमायचं होतं!

रविवारी सकाळी विमान. तारीख बदलता येत नव्हती, कारण बाबांना सोबत मिळाली होती. पुण्याच्या एक काकू त्याच विमानाने चालल्या होत्या. बायपास झालेल्या माणसाला एकटं कसं पाठवणार? ड्राइव्ह करून लेकीकडे जावं, तर सात तास जाऊन, सात तास येऊन लगेच विमान गाठणं त्यांना झेपणारं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, यापुढे अमेरिका नाही. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. "पोरगी जिवाला लावून घेईल, आत्ता बोलू नको," अशी बाबांनीच मला शपथ घातली होती.

शनिवारी दुपारी सेमीफायनल. मी देव पाण्यात घालून टीव्हीसमोर बसले, लेकीची टीम हरावी म्हणून! बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बँड दिसला की ते पुढे सरकून बसायचे. टीम चांगलीच मागे पडली. रात्री ती येईल म्हणून कणीक किती भिजवायची, ते मी ठरवलंसुद्धा. आणि मग त्या पोरांनी भराभर बास्केट टाकायला सुरुवात केली.

"अरे, चुका ना रे जरा!" मी ओरडलेच. नवरा बघतच राहिला.

शेवटचे काही सेकंद उरले. फक्त एका पॉइंटने मागे. तेवढ्यात कॅमेरा बँडवर गेला. माझी लेक! ट्रॉम्बोन छातीशी धरलेला, डोळे गच्च मिटलेले, ओठ पुटपुटताहेत.

"काय मागतेय गं ती?" बाबांनी विचारलं.

"जिंकू दे म्हणत असेल. दुसरं काय!"

"मग जिंकू दे की. तू काहून आडवी येते?"

बॉल आत गेला. बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. मला त्यांचा इतका राग आला, काय सांगू!

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मी तो बाबांच्या हातात दिला. मागचा गोंगाट मला इथवर ऐकू येत होता.

"आबा, वी वन! उद्या फायनल!" मग तिचा आवाज उतरला. "पण मग मी घरी नाही येऊ शकत. तुम्ही रागावलात?"

"छे गं! पुढच्या मार्चमध्ये येतो ना मी. तेव्हा तिथंच बसून तुझा बँड ऐकतो."

"प्रॉमिस?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"प्रॉमिस," ते म्हणाले, आणि फोनवर हात ठेवून तो माझ्यापुढे धरला. "घे, बोल तिच्याशी. हसून बोल."