चाळीस अक्षरं

बराबर चाचा फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, कोण?" म्हणायचे आणि आवाज ओळखीचा निघाला की, "बराबर." अंबडला आमच्या कॉलेजचा सर्व्हर सांभाळायला येण्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. एकदा मी नाक दाबून प्राचार्यांचा आवाज काढला, तर पलीकडून आलं, "मास्तर, सर्दी झाली का? अद्रकचा चहा घ्या."

सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र चाचांनी स्वतःच बनवलं होतं. पैसे मोजून बाहेरचं आणायला संस्था राजी नव्हती. त्यामुळं आष्टीच्या नाहीतर धावड्याच्या केंद्रावर गेल्यावर तिथल्या नेट कॅफेत परीक्षेचे गुण भरायला बसलं, की पडद्यावर इशारा यायचा : समोरच्याची ओळख पटत नाही, पुढं जायचं का? चाचांचा नियम असा, की आधी त्यांना फोन लावायचा आणि पडद्यावर दिसणारी प्रमाणपत्राच्या ठशाची, म्हणजे त्याच्या ओळखखुणेची, चाळीस अक्षरं मोठ्यानं वाचायची. ते वहीत बघून जुळवत आणि वाचणाऱ्याचं नाव, गाव, तारीख तिथंच लिहून ठेवत. एकदा आठ अक्षरांवर थांबून मी म्हणालो, "पुढचं तसंच आहे हो!"

"मास्तर, निस्तं नाक बघून सोयरीक करता का? सगळं वाचा."

"पण चाचा, खाली कुलपाचं चित्र आहे की."

"कुलूप बराबर हाय. पर घर कुणाचं हाय? चोराच्या घरालाबी कुलूप ऱ्हातं."

त्या उन्हाळ्यात मी आष्टीला असताना चाचांचा फोन दोनदा एंगेज लागला. बस सुटायला दहा मिनिटं होती, आणि पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या विद्वानानं 'हो' दाबलं. पान हुबेहूब आमचंच होतं. पण मधे कुणीतरी भलताच बसला होता, आणि पासवर्ड मी त्याच्याच हातात दिला. आठवड्याभरात काही पोरांचे गुण बदललेले सापडले, तेव्हा काय झालं ते मला एकट्याला उमगलं. आम्ही पाचसहा जण आळीपाळीनं बाहेरगावी जायचो, पासवर्ड सगळ्यांचा एकच.

चौकशीत प्राचार्यांनी चाचांना वही उघडायला लावली. चाचांचं बोट तारखांवरून खाली आलं आणि माझ्या आष्टीच्या दिवसापाशी थांबलं. तिथं माझं नाव नव्हतं, आणि त्या दिवशी पाळी माझी होती हे चाचांना ठाऊक होतं. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होतो. तीनच होती, तरी पुन्हा पुन्हा मोजली.

चाचांनी वही मिटली. "चाबी माझ्यापाशी होती साहेब. मंग चूकबी माझीच."

त्यांना काढलं. वही काखेत मारून ते गेले.

दोन महिन्यांनी धीर करून मी त्यांच्या घरी फोन लावला. "बोला, कोण?" नाव सांगायचं सोडून मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. पलीकडून हळूच आलं, "मास्तर, जेवण झालं का?"

मी फोन ठेवून दिला.

त्याच वर्षी हिवाळ्यात चाचा गेले. मयतीला गेलो, तर त्यांच्या मुलानं दारातच अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

मी नाव सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.