देव्हाऱ्यातला कागद

खरं सांगायचं तर त्या वर्षी सप्ताहाला बसायची माझी अजिबात इच्छा नव्हती. अंगात त्राण नव्हतं आणि देवावर रागही होता. पाच महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. मखमलाबादला आमचा गुलछडीचा मळा आहे. पहाटे फुलं तोडून बाजारात पाठवायची, मग ह्यांची अंघोळ, जेवण, गोळ्या, आणि दिवसभर त्या मुक्या तोंडाकडे बघत राहायचं. इतकी थकले होते की हात जोडले तरी काय मागायचं ते आठवत नसे. तरी एकदा रडता रडता संकल्प सोडला होता, सात दिवस पोथी वाचते, ह्यांना बोलतं कर. आता माघार घेता येत नव्हती.

अडचण एकच होती. मला वाचता येत नव्हतं. अगदी अंगठेबहाद्दर नव्हते, तिसरीपर्यंत शाळा झाली होती. सुटी अक्षरं ओळखायची, पण जोडाक्षर आलं की अडायची, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. घरात वाचायचं ते सगळं हेच वाचायचे. दत्ताच्या देवळात पारायणाला मात्र मी दर वर्षी बसायचे. शेजारी जाऊबाई असायच्या. आमच्या दोघींच्या पोथ्या एकाच दुकानातल्या, सारख्याला सारख्या. त्यांनी पान उलटलं की मी उलटायचे, मधेमधे ओठ हलवायचे. दहा-बारा वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं. बायका तर म्हणायच्या, हिचं वाचन बघा, कसं एकचित्त!

या खोट्या नावानेच माझा घात केला. ह्यांना घरी सोडताना दवाखान्यातून मराठीत छापलेला एक कागद दिला होता. तिथल्या बाईंनी समजावलंही असेल, पण त्या दिवशी माझ्या कानात काही शिरत नव्हतं. घरी कागद उघडला आणि दोन ओळींत घाम फुटला. दर वर्षी अख्खी पोथी वाचणारी बाई एवढासा कागद कुणाकडे घेऊन जाणार? मी त्याला हळदकुंकू लावलं, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला. म्हटलं, देवाला तर वाचता येतं, तो बघून घेईल.

त्या वर्षी ह्यांच्यापाशी जाऊबाई थांबल्या, म्हणून सप्ताहात माझ्या शेजारी एक अनोळखी म्हातारी आली. एकलहऱ्याची होती, लेकीकडे आठ दिवस राहायला आलेली. चौरंगावर तिची भली जाड पोथी होती. मी नेहमीप्रमाणे तिच्या पानाबरोबर पान उलटत गेले. चौथ्या दिवशी सकाळी एक पान उलटलं आणि खाली नुसतं पुठ्ठ्याचं आवरण राहिलं. माझी पोथी संपली होती. देवळात बाकी सगळ्यांचे निम्मे अध्याय अजून शिल्लक होते.

मी घाईघाईने पुन्हा पहिलं पान काढलं. म्हातारी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "काय गं, झालं पण वाचून? माझी पोथी मोठ्या अक्षरांची हाय. तिला पानं लय. माझ्या पानावर चालशील तर अशीच फसशील."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सवयीने काहीतरी थाप मारणार होते, पण थाप मारायलाही जोर लागतो आणि तो उरला नव्हता. म्हटलं, "मावशी, मला येत नाही वाचायला." एवढं बोलले आणि रडू आलं.

ती हसली. "मला तरी कुठं दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तुझी पानं बी कानानंच ओळखली. तोंडपाठ हाय म्हणून अंदाजानं पानं उलटते. पण मधीच पुढची ओवी आठवत नाय. तू पहिला शब्द लावून दे, बाकीचं मी म्हणते. तू बोट फिरव नुसतं."

म्हणजे चार दिवस मी जिच्या भरवशावर पानं उलटत होते, तिलाच दिसत नव्हतं! रडता रडता मला हसू फुटलं.

उरलेल्या दिवसांत आम्ही पोथी पहिल्यापासून घेतली. सगळ्या उठून गेल्या तरी आम्ही दोघी औदुंबराखाली बसून असायचो. मी अडखळत पहिला शब्द लावायचे, ती ओवी म्हणायची, माझं बोट तिच्या आवाजामागे अक्षरांवरून चालायचं. ओवी संपली की ती म्हणायची, "पुढं." पाठ मोडून यायची, डोळ्यांतून पाणी गळायचं. दुसऱ्या दिवशी एका शब्दाऐवजी दोन लागले. शेवटच्या दिवशी एक अख्खी ओवी मी एकटीने वाचली. मावशी एवढंच म्हणाल्या, "पुढं."

सप्ताह उठला, पण हे तसेच मुके होते. मी पोथी देव्हाऱ्यात ठेवायला गेले, तर तो कागद खाली पडला. उचलताना डोळे आपोआप पहिल्या ओळीवर गेले. बोट लावलं. पाऊण तास लागला. लिहिलं होतं, रुग्णाला रोज सकाळी आरशासमोर बसवा, तोंड मोठं उघडून आधी 'आ' म्हणायला लावा, मग 'ई', मग 'ऊ'.

पाच महिने मी देवाकडे मागत होते, आणि हा कागद त्याच्याच पायाशी होता. त्या दिवशी मी स्वतःवर फार रडले. मग आरसा आणला.

पंधरा दिवस नुसता श्वास आला. मग एका सकाळी 'आ' आला. आता हे चहा मागतात, मला नावाने हाक मारतात. बाकी अजून पुष्कळ यायचं आहे, येईल तेवढं येईल. मावशींना लेकीकरवी निरोप धाडला, तर उलट निरोप आला, जोडाक्षरं सोडू नको म्हणावं. मला वाटतं, कागद देव्हाऱ्यात सरकवला तेव्हा मी फक्त हात झटकले होते. शरण गेले ती त्या म्हातारीपुढे, मला येत नाही असं म्हणाले तेव्हा.

आता रोज संध्याकाळी मी ह्यांच्या खाटेशी बसून पोथी मोठ्याने वाचते. काल एका जोडाक्षरावर अडले, दोनदा प्रयत्न केला, कंटाळून पोथी मिटायला घेतली. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ओठ बराच वेळ जुळत नव्हते. मग म्हणाले, "पुढं."