फावडं घेऊन रोह्याला

वडखळच्या नाक्यावर रोह्याची एस.टी. थांबली तेव्हा कंडक्टरनं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यानं माझ्या हातातल्या फावड्याकडे बघितलं.

"आजोबा, हे आत नाय यायचं."

"मग मी पण नाय येत. न्या गाडी."

आतून एक बाई ओरडली, "अवो चढू द्या की त्यांना, उन्हात करपलो आमी!" मग चढू दिलं. फावडं सीटखाली आडवं सारलं, त्यावर पाय ठेवले आणि मांडीवर मिठाची पुरचुंडी घेऊन बसलो.

गावात जो तो विचारतो, दोन दिवस मुलाकडे जाऊन काय केलं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण लिहितो ते पाहिलेलं लिहितो.

फावडं का नेलं, ते आधी सांगायला हवं. माझा मुलगा रमेश रोह्याला कंपनीत आहे, राहतो वरश्याला. त्याचा फोन आला, "आप्पा, दोन दिवस या. सगळे मिळून जमतोय." मी विचारलं, "काय काम हाय?" तर म्हणाला, "काम नाय. या नुसते." आता आमच्या खारेपाटात, खाडीकडच्या गावात सगळे मिळून जमायचे ते खांड (बांधाला पडलेलं भगदाड) पडली म्हणजे. कोणी हाळी दिली की ज्यानं त्यानं आपलं फावडं घेऊन निघायचं, का म्हणून विचारायचं नाही. मला वाटलं, पोरगा लाजतोय, फोनवर सांगत नाही, पण काहीतरी काम असणारच. दुसऱ्याच्या फावड्यानं मी आजपर्यंत माती ओढली नाही. घेतलं.

शेजारी हमरापूरचा एक माणूस बसला होता. बोटांवर वाळलेला पांढरा रंग. गणपतीची आखणी (मूर्तीचे डोळे रंगवणं) करतो म्हणाला. बहिणीकडे रोह्याला चालला होता.

"मुलाकडे काय, कार्य हाय?"

"नाय."

"कोण आजारी?"

"नाय. नुसतं या म्हणतो."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आमच्या घरात सगळे एकत्र बसतात ते मूर्तीपुढं. मी डोळे, बायको धोतर, पोरगी दागिने. नुसतं कोण बसतो? आजोबा, तुमची जमीन हाय काय?"

"मिठागर हाय. बांध फुटल्यापासून पाण्यात हाय. पण माझं हाय."

"मग सांभाळून. आमच्या सासऱ्याला असंच बोलावलं हुतं. जेवायला घातलं, लाड केले, नि तिसऱ्या घासाला हातात पेन दिलं."

नागोठणं आलं, गेलं. दोन्ही बाजूंना वालाची हिरवी शेतं लागली. माझं लक्ष नव्हतं. चार वर्षांमागं रमेशनं एकदाच विचारलं होतं, मिठागर काढून टाकूया का. मी भरलं ताट सरकवून उठलो होतो. तेव्हापासून त्यानं नाव काढलं नाही, पण गावाला आला तरी मुक्काम करत नाही. म्हटलं, हं. आता कळलं. अंगठा काय, सही काय, मरेपर्यंत देणार नाही. हे पक्कं करूनच रोहा स्टँडवर उतरलो.

रमेश घ्यायला आला होता. फावडं बघून चपापला. "आप्पा, हे कशाला?"

"लागंल."

मोटारसायकलवर मागे मी, खांद्यावर फावडं, असे आम्ही वरश्याला गेलो. सगळं गाव बघत होतं. बघू दे. चोरून आणलं नव्हतं.

वरसं आता गाव राहिलेलं नाही, माडीवर माडी चढलीय. रमेशची खोली दुसऱ्या मजल्यावर. सून वैशाली पाया पडली, फावडं हातातून घेतलं आणि गॅलरीत कुंडीशेजारी उभं केलं. माझी नात चिमी, वय नऊ, तिनं मला पाणी दिलं आणि लगेच कॅरम पुढं ओढला.

"आजोबा, तुमी माझ्या पार्टीत."

खेळलो. माझं बोट बरं चालतं, हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही जिंकलो. मी विचारलं, "आता काय?"

"आता परत."

"परत जिंकलो तर?"

"परत!"

मला काही उमजेना. रमेशला शिफ्ट होती तीही त्यानं बदलून घेतली होती. माझ्या ताटात बांगडा वाढला, वर दुसरा वाढला. हमरापूरवाल्याचा शब्द आठवला आणि मी घास मोजायला लागलो. तिसरा घास झाला. पेन काही आलं नाही. चौथा झाला. तरी नाही. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठानं चौघं चालत गेलो. कुठं जायचंय म्हणून विचारलं, तर म्हणे परत घरीच. मी म्हटलं, "मग निघालो कशाला?" वैशाली तोंडाला पदर लावून हसली. रमेश हसला नाही. तो काहीतरी बोलायला बघत होता आणि गिळत होता. मी मनात म्हटलं, काढ, काढ बाहेर, मी तयार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फावडं घेऊनच, वैशालीच्या माहेरी गेलो, रोह्यापासून जवळच, कालव्याकाठी शेत. तिथं पोपटी (वालाच्या शेंगा मडक्यात भाजायचा बेत) होती. माझे व्याही नाना बांधावरच उभे. "या या खारेपाटकर! अन् फावडं कशाला? माझं शेत वाहून नेताय काय?"

मी म्हटलं, "रिकाम्या हातानं यायची आमच्यात रीत नाय."

मिठाची पुरचुंडी काढली. माझ्या मिठागराचं शेवटचं मीठ, जाडं, अजून खडाखडा वाजतं. नानांनी हात पुढं केला. मी ती दगडावर ठेवली. हातावर मीठ दिलं की भांडण होतं. नानांनाही ते माहीत होतं, त्यांनी हात मागं घेतला नि दगडावरून उचललं.

मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला (उग्र वासाचं रानझुडूप), त्यावर धुतलेल्या शेंगा, ओवा, माझं मीठ, मधे बटाटे नि अंडी. तोंडात पुन्हा पाला कोंबायचा. मी हात घालायला गेलो, तर नाना म्हणाले, "आज तुमी बसायचं. बघा नुसतं." वैशालीकडे गेलो, "बसा आप्पा." पेंढा ओढायला गेलो, रमेश म्हणाला, "मी करतो." माझ्या उभ्या जन्मात मला इतकं कोणी बसवलं नव्हतं. मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा नि शेण्या (गोवऱ्या) रचल्या, आग दिली. सगळे गोल बसले.

आणि मग रमेशनं पिशवीतून कागद काढले. एक माझ्या पुढं धरला. वर पेन.

कागदावर रेघा मारून वर लिहिलं होतं: नाव. त्याच्या पुढं: गाव.

माझ्या कानात शिट्टी वाजली. "आलं का शेवटी!" मी उठून उभा राहिलो. "कालपासून बांगडे काय, कॅरम काय! सरळ सांगायचं हुतंस. कुठं करू सही? लिही, म्हातारा मेला नि मिठागर मोकळं झालं!"

आगीत एक शेणी फुटली तेवढीच.

"आजोबा," चिमी बारीक आवाजात म्हणाली, "तो खेळ हाय. नाव, गाव, फळ, फूल. एक अक्षर घ्यायचं नि त्याच्यावरनं लिहायचं. रेघा मी मारल्यात."

मी कागद परत बघितला. नाव, गाव. त्यापुढं फळ. त्यापुढं फूल. बाजूला पेन्सिलीनं काढलेला गुलाब.

रमेशचा चेहरा मी सांगू शकत नाही. लहानपणी एकदा बांधावरून पाय घसरून खाडीत पडला होता, वर ओढला तेव्हा असाच बघत होता. म्हणाला, "तुमाला असं वाटलं हुतं तर आलात कशाला, आप्पा?"

"तू बोलावलंस म्हणून आलो."

"मी नुसतं बोलावलं. तुमच्याबरोबर कधी नुसतं बसलोच नाय मी. फावडं हातात असल्याशिवाय तुमी माझ्याशी बोललात कवा?"

चूक झाली असं म्हणायला मला येत नाही. कोणी शिकवलं नाही आणि आता शिकायचं वय नाही. मी फावडं उचललं नि कालव्याकडे चालू लागलो. मनात सगळा गोंधळ. मीठ दगडावर ठेवलं होतं, तरी भांडण झालंच.

कालव्याचं पाणी पाझरून शेताच्या कोपऱ्यात चिखल झाला होता. मला नुसतं उभं राहवेना, म्हणून मी माती ओढायला लागलो. चार बाजूंनी वीतभर बांध घातला. मागं चिमी येऊन उभी.

"काय करताय?"

"मिठागर."

"एवढंसं?"

"तुझ्याएवढं. चप्पल काढ गो. आता तळ तुडवायचा. उड्या नाय मारायच्या. टाच टाचेला लावून, बारीक बारीक. जमीन ताटासारखी झाली पायजे, नायतर पाणी पिऊन टाकते."

ती तुडवायला लागली, मी तिच्या मागं. दोन रांगा झाल्या असतील. माझ्या डाव्या अंगाला आणखी दोन पाय आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी वर बघितलं नाही. पण टाच ओळखली. मीच शिकवलेली टाच होती ती, बाहेरच्या अंगाला जरा जास्त दाबते. दहा वर्षांचा असताना असाच माझ्या डाव्या अंगाला असायचा, त्याची आई उजव्या. आम्ही तिघं सकाळभर तुडवायचो आणि कोणी एक शब्द बोलायचा नाही. तेव्हा कोणी त्याला मजा म्हटलं नव्हतं.

"डावीकडं जास्त दाब," मी म्हटलं.

"दाबतोय," तो म्हणाला.

एवढंच झालं. तेवढ्यात नाना लांबून ओरडत आले, "अवो व्याहीबुवा! माझ्या शेतात मिठागर नका हो करू, वाल मरंल माझा!"

"खारं पाणी कुठनं आणू? गोडंच हाय," मी म्हटलं.

"तुमचा काय भरवसा? खिशात खाडी घेऊन फिरणारी माणसं तुमी!"

वैशाली हसली, मग चिमी, मग रमेशपण. मला हसू आलं नाही, पण राग शोधला तर तोही मिळाला नाही.

चिखलाच्या पायांनीच आगीपाशी गेलो. नानांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. म्हणजे पोपटी झाली. निखाऱ्यातून मडकं ओढायला काठी शोधायला लागले, तेव्हा मी फावडं पुढं केलं. या वेळी मला कोणी बस म्हणालं नाही. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. नानांनी एक सोलून तोंडात टाकली नि नुसती मान हलवली. "मीठ बरोबर लागलं," म्हणाले. शेतकरी माणूस, याहून जास्त कौतुक करणार नाही.

खाता खाता चिमीनं कागद परत दिला. अक्षर आलं म. माझी पाटी सुटून जमाना झाला, सगळे माझ्यासाठी थांबले. नाव: मंजुळा. ती माझी बायको, जाऊन पाच वर्षं झाली. तिचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, त्या दिवशी कागदावर घेतलं. गाव: माणगाव. फूल: मोगरा. फळ काही सुचेना, तर लिहिलं, मीठ.

"आजोबा, मीठ काय फळ हाय?"

"आमच्या शेतात तेच पिकतं."

"पण झाडाला लागतं का?"

"नसेल लागत. मी खोडणार नाय."

बराच वाद झाला. शेवटी रमेशनं कागद बघितला, आईच्या नावावर त्याची नजर जरा जास्त थांबली. म्हणाला, "दहापैकी दहा."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आलो. फावडं चिमीनं ठेवून घेतलं, पुढच्या वेळी लागेल म्हणाली. वडखळला उतरलो तर हात हलके, कुठं ठेवावे कळेना. नाक्यावरच ओळखीचा भेटला, "झालं काय काम?" मी हो म्हणू की नाही, याचा विचार करत घरी पोचलो. अजून मला नीट कळलेलं नाही. काही जिंकलो नाही, काही बांधलं नाही, तो चिमुकला बांध नानांनी एव्हाना मोडलाही असेल. तरी दोन दिवस भरलेले वाटतात, ते कशानं?

परवा सकाळी मीच रमेशला फोन लावला. स्वतःहून लावलेला बहुतेक पहिलाच. पलीकडं मशीनचा घरघराट.

"आप्पा? काय झालं? पडलात?"

"नाय."

"ताप हाय?"

"नाय रे."

"मग काय काम हुतं?"

काम आठवून बघितलं. एकही नव्हतं.

"काम नाय," म्हटलं. "असाच लावला."

मला वाटलं, फोन ठेवला. मग म्हणाला, "थांबा आप्पा, ठेवू नका. मी बाहेर येतो, हितं नीट ऐकू येत नाय."

मी फोन कानाला धरून थांबलो.