शाहूपुरीतली टोळधाड

कोल्हापूरला मी गणिताच्या शिक्षकांच्या शिबिरासाठी गेले होते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात गणित नावालाच आहे. रत्नागिरीहून पहाटेच्या एसटीनं निघाले. आंबा घाटात पोटातलं सगळं घशाशी आलं आणि मलकापूर मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना जो ऊस सुरू झाला तो संपेचना. आमच्या कोकणात नजरेला सारखी चढउतार करावी लागते, इथं ती नुसती सोडून द्यायची.

शिबीर तीन दिवसांचं होतं. अपूर्णांक शिकवायच्या नव्या पद्धती मी गुणी मुलीसारख्या वहीत उतरवल्या. तिसऱ्या दिवशी बाराला समारोप झाला. परतीची गाडी पाचची, म्हणून स्टँडजवळ मिसळ खायला बसले आणि मालकांना म्हटलं, कट (वरचा तिखट रस्सा) जरा बेतानं घाला.

"बेतानं पायजे तर दहीभात खावा की बाई," ते म्हणाले आणि ठरलेला कट ठरल्याएवढाच ओतला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

डोळे पुसत शाहूपुरीच्या गल्लीतून चालले होते, तेवढ्यात कुठून तरी आवाज आला. टुईं, टुईं, धप्प! पाय जागीच थांबले. गेल्या मे महिन्यात मुंबईला मावशीकडे राहिले, तेव्हा खालच्या हॉटेलात व्हिडिओ गेमचं यंत्र होतं आणि मावसभावंडांबरोबर मला त्याचं वेडच लागलं होतं. रत्नागिरीत असलं काही नाही. वर्षभर बोटं शिवशिवत होती.

आवाज शौकत मिस्त्रींच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून येत होता. पुढच्या खोलीत पोट उघडं टाकलेले रेडिओ आणि मागच्या खोलीत माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्याला काच, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. काळ्या काचेवर रंगीत किडे रांगांनी उतरतात आणि आपण खालच्या विमानातून ते टिपायचे. खेळाचं इंग्रजी नाव कपाटावर होतं, पण इथं त्याला सगळे टोळधाड म्हणत.

भिंतीवर पत्र्याची पाटी होती. वीज गेली की हे यंत्र सगळे आकडे विसरतं आणि वीज तर रोज जाते. म्हणून पहिल्या पाच जणांची नावं मिस्त्री तैलरंगानं पाटीवर लिहीत. सगळी पुरुषांची. सगळ्यांत वर बाजीराव, मुरगूड. पाटी पाहिली आणि मला तिथं माझं नाव हवंसं झालं. लहान मुलाला फुगा हवा होतो तसं, अगदी लगेच.

"एकट्यानं खेळून पाटीवर चढता येत न्हाय," मिस्त्री म्हणाले. तरुणपणी ते कुस्ती खेळलेले. "जोड (तोडीचा प्रतिस्पर्धी) लागती. वरच्याला पाडायचं, मंग नाव. ह्यो काय, बाजीराव हितंच हाय."

बाकावरून एक पहिलवान उठला. तिशीच्या आतला, कान मोडलेले, मान खांद्यांत बुडालेली.

"बाईसंगं मी न्हाय खेळत," तो म्हणाला. "हारलो तर लोक हसत्यात, जिकलो तरी हसत्यात."

"मग बसा पाटी अडवून," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं, देव जाणे. वर्गात मी अशीच बोलते, त्याची सवय.

खोलीतले सातआठ जण खो खो हसले. बाजीराव लाल झाला. "चला मंग! पैली पाळी पावण्यांची."

प्रत्येकाला तीन विमानं. एकाचं पडलं की दुसऱ्याची पाळी. बाजीरावानं आधी फरशीला हात लावून कपाळाला लावला, आखाड्यातल्या मातीला लावतात तसा. मीही लावला. मग काय विचारता! किडे उतरताहेत, काच लखलखतेय, मागं माणसं ओरडताहेत, "बाई, डाव्या अंगाला! डाव्या!" आणि मी, चौतीस वर्षांची मास्तरीण, पदर खोचून दांडा हलवतेय. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी मनात मोजत खेळत होते. किडे किती पावलांनी वळतात ते मुंबईतच बसवलं होतं. बाजीरावाचं तसलं काही नव्हतं. तो ताकदीनं खेळे, कपाट हले, मिस्त्री "सावकाश, दांडा मोडतोय!" म्हणून ओरडत.

माझं तिसरं विमान पडलं तेव्हा माझे गुण होते सहा हजार चारशे दहा. बाजीरावाचं शेवटचं विमान उरलं होतं. चढत चढत त्यानं रांगेतला शेवटचा किडा टिपला आणि तो सहा हजार तीनशे नव्वदवर आला. खोली दणाणली. आता विसाच्या जरा वर गुण हवे होते, त्याला फुंकर मारून मिळतील एवढेच. मी आशा सोडली.

आणि बाजीरावानं काय करावं? आनंदाच्या भरात दोन्ही हात सोडून त्यानं शड्डू ठोकला, म्हणजे पहिलवान मांडीवर मारतात ती थाप. शड्डू असा घुमला की पुढच्या खोलीतले रेडिओ थरथरले असतील. पण यंत्राला शड्डू कुठला कळायला? नवी रांग तोवर उतरली होती. वरून गोळा आला आणि बेवारशी विमानावर बसला. धप्प!

मग एकच कल्ला झाला. "ह्ये धरायचं न्हाय! पुन्ना लावा!"

खरं सांगते, माझ्या मनात आधी आलं, जिंकले! आणि पाठोपाठ लाज वाटली. "पुन्हा खेळू या," मी म्हटलं. "हे काही खरं नव्हे."

"का न्हाय?" बाजीराव घाम पुसत म्हणाला. "आखाड्यात हात सुटला तर पंच पुन्ना धरू देतोय व्हय? शड्डू कुस्तीच्या आदी मारायचा आस्तोय. म्या मदीच मारला. चूक माजी."

मिस्त्रींनी मान हलवली. निकाल झाला होता. त्यांनी रंगाचा डबा उघडला, जुनी नावं एकेक ओळ खाली घ्यायला पाटीवर काळा रंग फिरवला आणि पांढऱ्यात ब्रश बुडवून विचारलं, "नाव?"

"एस. जी. पोतदार," मी म्हटलं. रत्नागिरीची माणसं या गल्लीतून कायम जातात येतात. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं तर काय, असं मनात आलं.

आता मात्र बाजीराव भडकला. "एस जी कोन? ह्ये काय पोष्टाचं पारसल हाय? पुरं नाव सांगा बाई. म्या कुणाकडनं पडलो त्ये मुरगुडाला कळाय पायजे. न्हायतर लोक म्हनतील, कुटला तरी गडीच हुता."

सगळे माझ्याकडे बघत होते. हरलेल्या माणसाला माझं नाव हवं होतं आणि मी ते दडवत होते.

"शालिनी गजानन पोतदार," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच लागला. "रत्नागिरी."

मिस्त्रींनी एकेक अक्षर वळणदार काढलं. रंग वाळायच्या आत मला धावत स्टँड गाठावा लागला. बाजीराव माझी पिशवी घेऊन पुढं पळत होता आणि "गाडी थांबवा! पावणं हायती!" म्हणून ओरडत होता. कंडक्टरनं घंटी मारलेली गाडी त्याच्या आवाजानं थांबली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, शिबिरात काय काय झालं? मी अपूर्णांकांची वही पुढं ठेवली. मग त्यांनी न विचारताच टोळधाडीचंही सांगितलं, पाटीवरच्या पुऱ्या नावासकट. सरांनी चष्मा काढून वही बाजूला सारली.

"किती गुण झाले?" ते म्हणाले.

मी माझे सांगितले आणि बाजीरावाचेही सांगितले.