खालीघ्या बाई

ताईंचा आवाज ताईंच्या आधी घरात शिरायचा. मी अ‍ॅम्ब्युलन्स दारासमोर पुरती थांबवलेलीही नसायची, तोवर त्यांनी उडी मारलेली असायची आणि फाटकातूनच त्या ओरडायच्या, "खाली घ्या! खाटेवरून खाली घ्या त्याले!" त्यावर घरातल्या बायका जो हंबरडा फोडायच्या तो ऐकून मला दर वेळी वाटायचं, आज आपल्या दोघांना मार बसणार.

वाटणारच. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी पट्ट्यात माणसाला 'खाली घेणं' म्हणजे काय, हे लहान लेकरालाही कळतं. म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही असं दिसलं, की चार जण त्याला चादरीसकट उचलतात, सारवलेल्या जमिनीवर निजवतात आणि तोंडात तुळशीचं पान, गंगाजल घालतात. खाटेवर जीव जाऊ नये म्हणतात. 'अमक्याला खाली घेतलं' एवढं ऐकलं की पुढचं कोणी विचारत नाही, चप्पल पायात घालून निघतो. ताई बोरगावच्या, बौद्ध घरातल्या. ही रीत त्यांच्या घरची नव्हती, पण अर्थ त्यांनाही पक्का ठाऊक होता. तरी त्या तेच शब्द ओरडायच्या, कारण त्यांना माणूस खाली हवा असायचा तो जगवायला. बंद पडलेलं काळीज छातीवर दाबून चालवायचं तर पाठीखाली टणक जमीन लागते. खाटेवर दाबलं तर खाटच खालीवर होत राहते.

मी मोहगावचा. त्या सरकारी गाडीवर ड्रायव्हर होतो आणि ताई माझ्या गाडीवरच्या उपचार करणाऱ्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, केस घट्ट बांधलेले आणि पायात कायम बूट. हे बूट त्या कोणाच्याही घरात काढायच्या नाहीत. देवघराशेजारी पेशंट असला तरी बुटांसकट आत. एका घरी म्हातारीनं हटकलं तर म्हणाल्या, "पाप मले लागू द्या जी, तुमी बाजू व्हा."

माणूस शुद्धीवर असेपर्यंत त्यांची जीभ मोठी अदबीची. "बाबाजी, घाबरू नका जी, येऊन राहिलो न आमी," असं सगळं. पण बाबाजींचा श्वास थांबला रे थांबला की अदब खलास. छातीवर दोन्ही हातांनी दाबता दाबता त्या सरळ भांडायला लागायच्या. "काहून रे, कुठं चालला? कोनाले विचारलं? चाल, मांगं फीर!" माणूस परत आला की पुन्हा "बाबाजी". मी एकदा हसून विचारलं, तर म्हणाल्या, "जानाऱ्याले मान देल्ला तं तो जातेच."

एका मोठ्या वाड्यातल्या कर्त्या माणसाचं काळीज थांबलं होतं. ताई घामाघूम होऊन दाबत होत्या आणि तशातही त्याच्या काकाला प्रश्न पडला, "बाई, आडनाव काय तुमचं?" कशासाठी विचारत होता ते मला कळलं, ताईंनाही कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईंनी हात थांबवला नाही, मानही वर केली नाही. "ह्यालेच विचारू द्या. उठला की सांगतो म्हना." तो उठला. त्यानं पुढे कधी विचारलं नाही. काकाही दिसले की नमस्कार करायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीला आमची गाडी जाम नदीच्या काठावर उभी असायची. डोकं फुटून आलेला गडी पट्टी बांधून होताच पुन्हा नदीकडे धावू बघायचा. ताई त्याची कॉलर धरायच्या. "जाय. पर ही पट्टी सुटली तं दुसरा गोटा मी मारीन." बहुतेक जण मुकाट्याने बसायचे. ताईंचा नेम कसा असेल याची खात्री कोणालाच नव्हती.

पण सगळ्यांनाच अशी दटावणी पचत नाही. सावरगावची गोष्ट सांगतो. एका सकाळी भोपाळच्या कॉल सेंटरमधून फोन आला, हिंदीत, की सावरगावात एक म्हातारा छाती धरून पडलाय. मी गाडी काढली. ताईंनी वाटेतूनच त्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला. हलवलं तर बोलत नाही, छाती वरखाली होत नाही, असं ती सांगत होती. ताई म्हणाल्या, "खाली घ्या त्यायले. लवकर. मी सांगतो तसं दाबा."

पुढचं सुनेनं ऐकलंच नाही. फोन तिच्या हातातून गळाला. डॉक्टरीणबाईनंच खाली घ्यायला सांगितलं म्हटल्यावर सगळं आटोपलं, असं समजून घर रडायला बसलं. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा तसाच खाटेवर होता, आणि थोरला मुलगा दारात आडवा. "माया बाप जिता हाय! खाली काहून घेऊ?" ताई त्याच्या हाताखालून आत घुसल्या. आम्ही दोघांनी म्हाताऱ्याला उतरवलं. ताईंनी फार वेळ दाबलं, मशीन लावलं, शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. तो काही मागे फिरला नाही.

त्या दिवशी ताई गाडीत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायचं काम गावानं केलं. गाडीवरच्या बाईनं सावरगावच्या म्हाताऱ्याला बोलूनच मारलं, अशी हूल उठली. 'खालीघ्या बाई' हे नाव तेव्हाच पडलं. ती गाडी नको, दुसरी पाठवा, असं लोक फोनवर सांगू लागले. दुसरी गाडी लांबून यायची. तेवढ्या वेळात थांबलेलं काळीज वाट बघत नाही, हे ताईंना कळत होतं, आणि त्यांची झोप उडाली ती नावाने नव्हे, या हिशेबाने.

आमच्या वरच्या साहेबांनी त्यांना समजुतीनं सांगितलं, शब्द बदला. 'जमिनीवर झोपवा' म्हणा, 'फरशीवर ठेवा' म्हणा. मलाही ते पटलं होतं. ताईंना नाही. "साहेब, घाबरलेल्या मानसाले नवा शब्द समजत नाई. फरशी म्हनलं तं तो फरशी पुसून येईन. 'खाली घ्या' म्हनलं की चार जनाचे हात आपोआप चालते. चादर कशी धरायची, डोकं कोनं धरायचं, साऱ्यायले येते. इतकं शिकेल गाव मले कुठं भेटन? शब्द मी नाई बदलत. त्याचा अर्थ बदलवतो."

आणि कुठून सुरुवात करावी बाईनं? त्याच म्हाताऱ्याच्या तेरवीपासून! मी हात जोडले, "ताई, लोकं मारतीन." त्या म्हणाल्या, "मारू दे. गाडी आहे न आपल्याजोळ." सुट्टीच्या दिवशी, साध्या साडीत, पण पायात तेच बूट घालून त्या मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. पंगत बसायची होती. थोरला मुलगा उठला, त्याच्यामागे आणखी दोघे उठले. ताई जागच्या हलल्या नाहीत. "मी माफी मांगाले नाई आली. दाखवाले आली. तवा तुमी त्यायले खाली घेतलं असतं अन् असं दाबलं असतं, तं ते वाचले असते का, मले मालूम नाई. पर एक मोका भेटला असता. तो पुढच्याले भेटू द्या."

माझी नजर गाडीच्या किल्लीवर. तेवढ्यात आतून म्हाताऱ्याची बायको आली, रिकाम्या कपाळाची, भिंतीचा आधार घेत. ती आता काय बोलते म्हणून सगळे बघत राहिले. ती मुलाला म्हणाली, "उशी आन." मग ताईंकडे वळून म्हणाली, "माया मानूस तं गेला. दाखव न बाई, कसं करतेत ते." आणि उशी जमिनीवर ठेवून ती स्वतःच आधी गुडघ्यावर बसली. ताईंनी मागून तिच्या हातांवर हात ठेवले आणि दाबायला शिकवलं. तेव्हा ताई रडल्या. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

मग ताईंना उसंत नाही. भजनाच्या मंडळात, बचतगटात, विहारात, संत्र्याच्या बागेत तोडणीला आलेल्या बायांत, जिथं चार माणसं तिथं ताई आणि त्यांची उशी. "हलवून बोलत नाई, छाती हालत नाई, तं फोन करा अन् खाली घ्या. जोरानं दाबा, बरगडी कडकली तं कडकू द्या. पानी तोंडात टाकू नका, ते श्वासात जाते. पैले हात, पानी मंग." लोक चिडवायला म्हणायचे ते नावही त्यांनी आपलंसं करून टाकलं. फोन उचलला की म्हणायच्या, "हो जी, मी खालीघ्या बाई बोलून राहिली."

एक घर मात्र त्यांना वश झालं नाही, ते माझं. माझी आई त्यांना मायेनं चहा पाजायची, संत्री बांधून द्यायची, पण उशी काढली की हात धरायची. "तो शब्द माया घरात नको, बाई. मी बीपीवाली." ताई म्हणायच्या, "मावशी, तुमच्यासाठीच तं शिकवून राहिली." आई कान झाकून घ्यायची. शेजारची वहिनी मात्र आमच्याच ओसरीवर बसून सगळं शिकली.

पुढे पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि ताईंची बदली पार बालाघाटकडे झाली. जाताना त्यांनी साहेबांशी कडाडून भांडून घेतलं, मला उशी दिली आणि बसमध्ये बसल्या. मीही काही महिन्यांनी गाडी सोडून घरची बाग बघायला लागलो.

मागच्या हिवाळ्यात, भर दुपारी, आई अंगणात खाटेवर बसून संत्री निवडत होती. बोलता बोलता ती आडवी झाली. मी हलवलं, हाक मारली. छाती हलत नव्हती. इतकी वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेला मी, माझ्या तोंडून तो शब्द फुटेना. स्वतःच्या आईला खाली घ्या म्हणायला जीभच उचलत नव्हती.

कुंपणापलीकडून वहिनी ओरडली, "खाली घ्या! भाऊजी, खाली घ्या मावशीले!"

तो ताईंचाच आवाज होता, जसाच्या तसा. वहिनी धावत आली, दोन तोडणीवाल्या बाया आल्या, चादर उचलली गेली, आई जमिनीवर आली. कोणी हंबरडा फोडला नाही. सवयीनं कोणी गंगाजलाचा गडू आणला, तर वहिनीनं तो बाजूला सारला, "पानी मंग." तिनं फोन केला आणि मी दाबायला लागलो. थकलो की ती, ती थकली की मी. मी रडत होतो आणि आईशी भांडत होतो. "कुठं चालली? कोनाले विचारलं? चाल, मांगं फीर!" गाडी आली, मशीननं झटका दिला, आणि आई मागे फिरली.

नागपूरच्या दवाखान्यात तिला नीट बोलता यायला लागलं, तेव्हा छातीला हात लावून कण्हत तिनं पहिलं काय विचारावं?

"मले खाली घेतलं होतं का रे?"

मी घाबरत घाबरत म्हणालो, "हो."

तिनं छताकडे बघितलं. "मंग वर कोनं घेतलं?"

मी बालाघाटला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. आमच्या घरात जो शब्द उच्चारायची बंदी होती, तो तिनं सावकाश, सगळा उच्चारला. "खालीघ्या बाई, मायी बरगडी मोडली न वं."

पलीकडून आवाज आला तो फोन कानापासून लांब धरावा लागला इतका मोठा. सगळ्या वॉर्डानं माना वळवल्या.

"मंग बराबर दाबलं, मावशी!"